जेवढ्या नेल्या, तेवढ्या…

द्वारकाकाकू गेल्याचं मला त्यांच्या दिरांनी येऊन सांगितलं. शाळेची मधली सुट्टी संपत आली होती, मुली हात धुऊन वर्गात परतत होत्या आणि फाटकाशी अण्णा गुप्ते टोपी हातात घेऊन उन्हात उभे होते. ज्या माणसाने कित्येक वर्षं भावजयीचा उल्लेख ‘ती बाई’ असाच केला, तो उघड्या डोक्याने माझी वाट बघत उभा आहे हे पाहिलं आणि पुढचं ऐकायच्या आधीच मी काय ते ओळखलं. “वहिनी गेल्या,” अण्णा म्हणाले. “सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या… पडल्या त्या पडल्याच.” मग थोडं थांबून, टोपीच्या कडा चाचपत ते म्हणाले, “कोल्हापूरच्या सहलीचं सगळं ठरलेलं होतं हो. त्या बायकांना आता कोण सांगणार?” मी म्हटलं, “मी सांगते.” नेमकं काय सांगायचं, ते मात्र तेव्हा मला कळत नव्हतं.

त्यानंतर कल्याणात शोकसभा झाली, ठाण्याच्या महिला मंडळातही झाली. पुष्कळ चांगलं बोललं गेलं. हिमतीची बाई, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई, बायकांना उंबऱ्याबाहेर काढणारी बाई… सगळं खरं होतं. मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होते आणि वाट बघत होते, की कुणीतरी त्या दोन मुलींचा विषय काढील. कुणी काढला नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या बायकांना ती हकीकत ठाऊक होती. काकूंचं यश त्या दोघींना वगळून सांगता येतं, पण मग ती बाई सांगायची राहून जाते. म्हणून हे लिहिते आहे. त्या दोघींची नावं मी बदलली आहेत, आणि काही गावांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत.

काकूंचे यजमान रेल्वेत गार्ड होते. कल्याण जंक्शनवर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्या घरात जसं असतं तसंच यांच्याही घरात होतं. जेवणाच्या वेळा गाड्यांवर ठरायच्या. मूलबाळ नव्हतं. पासावर दोघं खूप हिंडली होती. काशी, रामेश्वर, हंपी, कुठे कुठे. यजमान गेले ते स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी, आणि काकू पारनाक्याजवळच्या त्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. मी शेजारी राहत होते. नुकतीच मास्तरीण झाले होते, लग्न करायचं नाही असं ठरवलेलं होतं आणि त्यामुळे आळीत माझ्याशीही कुणी फारसं बोलत नसे. आम्ही दोघी संध्याकाळी एकमेकींच्या ओट्यावर बसायचो. काकू मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तरीणबाई’ म्हणत. मी लहान होते तरी.

सहलीचं सुरू झालं ते अगदी सहज. आळीतल्या चारदोन बायकांना त्र्यंबकेश्वरला जायचं होतं. नवऱ्यांना वेळ नव्हता, मुलांना उत्साह नव्हता. त्यातली एक म्हणाली, “द्वारकाबाई, तुम्हाला गाड्यांचं सगळं कळतं. तुम्हीच न्या की.” काकूंनी नेलं. परत आल्यावर शेजारच्या आळीतल्या बायका आल्या, मग डोंबिवलीच्या, मग ठाण्याहून नौपाड्यातल्या. पुढे काकूंनी दारावर पाटी लावली, ‘बायकांच्या सहली’, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. पाटी लागली त्या दिवशी अण्णा गुप्ते तरातरा आले. “गुप्त्यांच्या घरातली विधवा धर्मशाळांतून वळकट्या वाहणार? लोकांनी काय समजायचं?” काकू सुकट निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भाऊजी, लोकांनी समजायचं की बायकांच्या सहली आहेत. पाटीवर तसंच लिहिलंय.”

आत्मविश्वास हा शब्द आम्ही शाळेत मुलींना निबंधाला देतो. शाळेला सुट्टी असली की मीही सहलींना जायची, आणि मी तो चालताबोलता पाहिला तो नाशिकच्या एका धर्मशाळेच्या दारात. व्यवस्थापक चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडे पाहत होता. “बरोबर पुरुषमाणूस कोण आहे?” काकूंनी मागे वळून पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही आहात की,” त्या म्हणाल्या. “जरा त्या वळकट्या आत घ्यायला लागा.” आणि त्याने खरंच घेतल्या! काकूंचा आवाज कधी चढत नसे. समोरचा आपलं ऐकणार आहे हे त्यांनी बोलायच्या आधीच धरलेलं असायचं. स्टेशनमास्तर, टांगेवाले, देवळातले पुजारी, सगळ्यांशी त्या तशाच बोलत. बायका त्यांच्याकडे बघून बोलायला शिकल्या. घरी सासूसमोर शब्द न काढणाऱ्या बायका इगतपुरीला चहावाल्याशी हुज्जत घालायच्या आणि मग स्वतःच हसायच्या.

आणि घरच्या माणसांचा विश्वास कशावर बसला, तर काकूंच्या एका वाक्यावर. गाडी कल्याणला परत आली की फलाटावर नवरे, सासरे, दीर उभे असत. काकू सगळ्यांच्या शेवटी उतरत, पदर सारखा करत आणि म्हणत, “घ्या. जेवढ्या नेल्या, तेवढ्या आणल्या.” लोक हसत. ते वाक्य डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत पोचलं. माणसं आपली बायको, सून, विधवा बहीण त्या वाक्याच्या भरवशावर पाठवू लागली. धंद्याचा सगळा पाया तोच होता… आणि मला आज वाटतं, की तो पाया पहिल्यापासून भुसभुशीत होता. आम्हाला दिसत नव्हतं इतकंच.

कुसुम डोंबिवलीची. नवं लग्न झालेली, अंगाने बारीक, हसताना तोंडावर पदर घेणारी. तिच्या सासऱ्यांनी स्वतः येऊन तिचं नाव नोंदवलं. “घरात सुकल्यासारखी झालीय. देवदर्शन होईल, हवापालट होईल.” सभ्य गृहस्थ, हातात चांदीच्या मुठीची काठी. गाडीत बसल्यापासून मुलगी एकदाही बाहेर बघेना. कसाऱ्याचा घाट आला, बोगदे आले, बायका लहान मुलींसारख्या ओरडल्या. ही आपली स्वतःच्या हाताच्या नखांकडे बघत होती. त्र्यंबकला कुशावर्तावर सगळ्यांनी स्नान केलं, तिने केलं नाही. अंगात कसर आहे म्हणाली.

परतीच्या दिवशी दुपारी आम्ही नाशिकला गोदेच्या घाटावर बसलो होतो. ऊन कलतं होतं, पाणी शेवाळी, संथ. काकू पायरीवर पाय सोडून बसलेल्या. कुसुम त्यांच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “काकू, मला इथंच कुठंतरी ठेवाल का?” काकू हसल्या. “इथे कुठे ठेवू गं? गोसाव्यांच्या मठात?” “कुठंही. भांडी घाशीन. मला परत नका नेऊ.” त्या हसायच्या थांबल्या. मी एक पायरी वर बसले होते, मला काकूंची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ ताठ झालेली मला दिसली. “काय झालंय?” त्यांनी विचारलं. कुसुमने नुसती मान हलवली आणि पाण्याकडे बघत राहिली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तशी ती आकसली. काकूंनी हात काढून घेतला. “अगं, नवीन असताना सगळ्यांनाच जड जातं,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्या सासऱ्यांशी बोलेन. पण आत्ता तुला घरी पोचवायला हवं बाळा. मी सगळ्यांना शब्द दिलाय.” कुसुम ‘बरं’ म्हणाली.

फलाटावर सासरे काठी टेकून उभे होते. काकू शेवटी उतरल्या, पदर सारखा केला आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या. म्हणताना त्यांनी कुसुमकडे पाहिलं नाही.

महिना उलटला असेल नसेल. डोंबिवलीहून येणारी भाजीवाली सांगत आली, की अमक्यांच्या सुनेचा विहिरीवर पाय घसरला. विहीर घरामागेच, काठ चांगला बांधलेला, कंबरेइतका उंच. काकूंनी ऐकलं, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, “चल.” तेव्हाच्या डोंबिवलीत स्टेशन सोडलं की भातखाचरं लागायची. बांधावरून जाताना काकू माझ्यापुढे चालत होत्या आणि एकदाही मागे बघत नव्हत्या. घरात बायका जमल्या होत्या. सासू सांगत होती, त्र्यंबकहून आली तेव्हापासूनच तिचं लक्षण ठीक नव्हतं, तिथे काहीतरी बाधा झाली. गोष्ट सासूच्या त्या बोलण्यावरच थांबली असती आणि लोकांनी काकूंना दोष दिला असता, तर बरं झालं असतं असं काकू मला पुढे एकदा म्हणाल्या. पण सासरे बाहेर आले. काकूंसमोर त्यांनी हात जोडले. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका, द्वारकाबाई. तुम्ही तर आमची मुलगी सुखरूप आणून आमच्या हाती दिलीत. तुमचं काम तुम्ही चोख केलंत.”

काकूंनी त्यांना उलट नमस्कार केला नाही. परत येताना वाटेत एका शेताच्या कडेला त्या मटकन खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, “ऐकलंस? चोख काम केलं म्हणे.” रडल्या नाहीत. मातीतलं ढेकूळ हातात घेऊन कुस्करत राहिल्या, आणि मला पहिल्यांदाच त्या बाईची भीती वाटली.

त्या वर्षी सहली झाल्या नाहीत. पाटी होती, पण कुणी आलं की काकू आतून सांगत, यंदा नाही. मला वाटलं, संपलं. अण्णांना बरं वाटलं असावं, कारण दिवाळीला त्यांनी फराळाचं ताट पाठवलं. पण पुढच्या थंडीत काकू एका सकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “मास्तरीणबाई, मी घरात बसून राहिले तर विहिरी काही बुजणार नाहीत. मी पुन्हा सुरू करत्येय.” तेव्हापासून त्या बदलल्या. बोलणं तसंच ठाम होतं, माणसं तशीच ऐकत होती. पण सहलीत त्या आता प्रत्येक बाईशी एकांतात बोलत. कुणाच्या केसांना तेल लावून दे, कुणाच्या पायात काटा गेला तो काढ, असं निमित्त काढून दहा मिनिटं बसत. विचारत काहीच नसत. थांबत. बायका आपणहून बोलत. परतीच्या गाडीत काकूंचा चेहरा उतरलेला असे. सगळ्यांचं ओझं जणू त्यांनी अंगावर घेतलेलं असे. आणि फलाटावरचं ते वाक्य त्यांनी टाकून दिलं. लोक आठवण करून देत, “काय काकू, जेवढ्या नेल्या…?” काकू नुसतं म्हणत, “मोजून घ्या.”

धंदा मात्र वाढत गेला. रेल्वेवाले त्यांच्यासाठी वेगळा डबा जोडून देऊ लागले. कोल्हापूर, पन्हाळा, विजापूर, वेरूळ. फाळणीनंतर कल्याणजवळ वसलेल्या छावणीतल्या निर्वासित सिंधी बायकाही येऊ लागल्या, त्यांच्यासाठी काकू मोडकंतोडकं हिंदी शिकल्या. स्वैपाकाला दोन बायका पगारावर ठेवल्या, त्या दोघींची मुलं काकूंच्या जिवावर शाळेत गेली. ठाण्यातल्या एका सभेत त्यांचा सत्कार झाला आणि वक्त्याने त्यांना यशाचं रहस्य विचारलं. काकू म्हणाल्या, “भीती.” लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या.

सुलभा आली ती वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला. तिचे यजमान विष्णुपंत, खाडीजवळ त्यांची लाकडाची वखार. कल्याणात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस मिळालं नसतं. आवाज मऊ, बोलणं अदबीचं, उत्सवाला मंडपाचे वासे फुकट देणारे. ते स्वतः स्टेशनवर सोडायला आले, बायकोच्या हातात संत्र्यांची पिशवी दिली आणि काकूंना म्हणाले, “हिची जरा काळजी घ्या. विसराळू आहे. म्हणून ताईला बरोबर पाठवतोय.” ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, सुलभाची नणंद. गाडी हलल्यावर ताईंनी सुलभाच्या पदराला आपल्या पदराची गाठ मारली. “गर्दीत चुकेल हो,” त्या हसून आम्हाला म्हणाल्या. डब्यात गर्दी नव्हती. आमचाच डबा होता. त्या गाठीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आणि सगळ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

ती गाठ औरंगाबादपर्यंत सुटली नाही. जेवताना दोघी एकत्र, पाणी भरायला एकत्र. धर्मशाळेच्या विहिरीवर बायका आंघोळी करत होत्या तेव्हा काकू पाठ चोळून देण्याच्या निमित्ताने सुलभाजवळ गेल्या. ताई तिथेच उभ्या. काकूंनी सुलभाचं ओलं लुगडं तिच्या खांद्यावरून जरा सरकवलं आणि पुन्हा होतं तसं केलं. मला त्या इतकंच म्हणाल्या, “बाहेरच्या माणसाला दिसू नये अशा बेताने मारलंय. विचार करून.”

वेरूळला कैलास लेण्यात शिरलो तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत दगडाचा थंडावा. बायका हत्ती बघत होत्या, खांब बघत होत्या, कुणी देवाला हात जोडत होत्या. मागच्या ओवरीत अंधार होता. ताईंचा पाय मुरगळला आणि त्या पायरीवर बसल्या तेव्हा ती गाठ त्यांनी नाइलाजाने सोडली. तेवढ्यात सुलभा काकूंजवळ आली. मी तिथेच होते. तिने खालच्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, “काकू, सहलीला आलेली एखादी बाई इथे मागे राहिली, तर तुमच्यावर काय येईल?”

काकूंचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत आले होते. तो त्या क्षणी राखेसारखा झाला. त्यांनी सुलभाचं मनगट धरलं. “राहायचंय?” “इथे नाही. पण परत नाही जायचं.” “नक्की?” “नक्की.” काकू म्हणाल्या, “मग माझ्यावर काय येईल त्याचा विचार तू करू नकोस. मी सांगेन तेव्हा चालू लाग, मागे बघू नकोस.” पलीकडून ताईंची हाक आली आणि सुलभा जाऊन आपला पदर गाठीसाठी पुढे करून उभी राहिली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. काकू नेहमीसारख्या बोलत होत्या, टांगे ठरवत होत्या, अजिंठ्याच्या चित्रांपुढे उभं राहून बायकांना कथा सांगत होत्या. पण रात्री सगळ्या झोपल्या की त्या गाड्यांचं वेळापत्रक उघडून बसायच्या. मी एकदा म्हटलं, “काकू, सगळं जाईल. पाटी, नाव, सगळं.” “जाईल,” त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यावर विषय संपला.

मनमाडला गाडी बदलायची होती. तिथून गाड्या चारी दिशांना जातात. सकाळची वेळ, फलाटावर उन्हाची तिरीप, आमच्या गाडीला अवकाश. सुलभाने तोंड धुण्यासाठी पदर सोडवून घेतला आणि ती नळाकडे गेली. काकू माझ्याजवळ आल्या. “मास्तरीणबाई, ताईंचा पाय दुखतोय. त्यांना चहाला ने. आणि सावकाश प्या.” त्या एवढंच बोलल्या. मी ताईंना हात दिला. आम्ही चहाच्या दुकानाशी बसलो, त्या आपल्या भावाचं कौतुक सांगत होत्या, मी बशीत चहा ओतून फुंकर मारत होते आणि पलीकडच्या फलाटावरून एक गाडी सुटल्याचा आवाज मला येत होता. मी मान वळवली नाही. सुलभाला कुणी सोबत केली आणि ती कुठे गेली हे काकूंनी मला बरंच नंतर सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही.

ताई ओरडल्या तो आवाज मला अजून ऐकू येतो. आम्ही तशाच कल्याणच्या गाडीत बसलो. एकदोन बायका रडत होत्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घाट उतरताना काकू दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप करत असतील. जवळ गेले तर त्या म्हणत होत्या, “तुमची नाही आणली… तुमची नाही आणली…” त्या ते पाठ करत होत्या.

फलाटावर नेहमीची माणसं होती. विष्णुपंत छत्री घेऊन पुढे उभे होते. बायका उतरल्या, ताई उतरल्या आणि भावाच्या गळ्यात पडून रडू लागल्या. विष्णुपंतांनी त्यांना बाजूला केलं आणि ते डब्याच्या दाराशी आले. काकू सगळ्यांच्या शेवटी उतरल्या.

“काकू, आमची?”

“तुमची नाही आणली.”

“म्हणजे?”

“तिला यायचं नव्हतं. मी आणली नाही.”

सगळं स्टेशन ऐकत होतं. कुणीतरी म्हणालं, “अहो, काय बोलताय?” काकूंनी तिकडे पाहिलं नाही. “ती कुठे आहे ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, तो माणूस आता हात उचलणार. त्याने छत्री मिटली, तिचा बंद नीट लावला आणि मऊ आवाजात म्हणाला, “बरं. आम्ही थांबतो.”

पोलीस ठाण्यातून फौजदार आले. काकूंनी त्यांना सांगितलं, मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या पायांनी गेली आहे, आणि धर्मशाळेच्या विहिरीवर मी तिच्या अंगावर जे पाहिलं ते तुम्हाला ऐकायचं असेल तर बसा. फौजदार बसले, त्यांनी ऐकलं, पाणी प्यायले आणि पुन्हा आले नाहीत. बाकीचं गाव मात्र आलं. पाटीला डांबर फासलं गेलं. दारावर मेलेला कावळा टांगलेला सापडला. ‘बायका पळवणारी’ हे नाव डोंबिवलीपर्यंत गेलं, पूर्वी त्यांचं ते वाक्य गेलं होतं तसंच. नावं नोंदवलेल्यांनी नावं मागे घेतली. अण्णा म्हणाले, माफी मागा, मी मध्यस्थी करतो. काकू म्हणाल्या, “माफी मागायची होती ती डोंबिवलीच्या त्या मुलीची. ती आता ऐकत नाही.” पुढची सहल निघाली ती मूठभर बायकांची. वेगळा डबा नाही, काही नाही. साध्या डब्यात दाटीवाटीने बसून गेलो. काकूंनी पुजाऱ्यांशी, टांगेवाल्यांशी पूर्वीइतक्याच ठामपणे बोलून सगळं पार पाडलं. तेव्हा मला कळलं, की पूर्वीचा तो ठामपणा लोकांच्या विश्वासावर उभा होता. आता तो कशावरच टेकलेला नव्हता, आणि तरीही पडत नव्हता.

मग एक दिवस ठाण्याहून एक प्रौढ बाई आल्या. मुलगी कल्याणातच दिलेली. ओट्यावर बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि उठता उठता म्हणाल्या, “माझ्या मुलीला पुढच्या सहलीला न्या. आणि तिला यायचं असेल तरच परत आणा.” काकूंनी त्या बाईंचे दोन्ही हात धरले. ती मुलगी गेली, हसतखेळत परत आली, तिच्या घरी सगळं ठीकच होतं. पण त्यानंतर आया येऊ लागल्या. आधी चोरून, मग उघड. वर्षा-दोन वर्षांत काकूंचा धंदा पुन्हा पहिल्याइतका झाला, पुढे त्याहून मोठा. नावं नोंदवायला आता सासऱ्यांऐवजी आया येत होत्या, आणि बऱ्याचदा त्या मुली स्वतः.

विष्णुपंत मात्र म्हणाल्याप्रमाणे थांबले. काकूंच्या घरासमोर बंद पडलेल्या पेढीचा एक ओटा आहे. वखार बंद करून ते रोज संध्याकाळी तिथे येऊन बसत. शिवी नाही, आरडाओरडा नाही. मांडीवर छत्री आडवी ठेवून समोरच्या दाराकडे बघत बसत आणि दिवेलागण झाली की उठून जात. कुणाला काय म्हणता येणार? सार्वजनिक रस्ता. वर्षं गेली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि लोक त्याबद्दलही त्यांना चांगलंच म्हणत. काकूंच्या छातीत कळा यायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, मनाला काही घोर आहे का? काकू हसून म्हणाल्या, “आहे, पण तो संध्याकाळचाच असतो.”

काकूंच्या तेराव्याला विष्णुपंत घरात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तसबिरीला हार घातला, डोळे मिटून उभे राहिले, पंगतीत बसून सगळं व्यवस्थित जेवले. जाताना माझ्याजवळ आले. “द्वारकाबाई गेल्या. वाईट झालं. आता फक्त तुम्हाला माहीत असेल.” अण्णा गुप्ते दाराशी उभे होते, त्यांनी ऐकलं, ते एक पाऊल पुढे आले. मला खोटं बोलता आलं असतं. नाही हो, मला काय ठाऊक, असं म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून आलं, “हो. मला माहीत आहे. आणि मी सांगणार नाही.” त्यांनी मान डोलावली. “स्वैपाक उत्तम झाला होता,” ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

कोल्हापूरची सहल मी घेऊन गेले. शाळेतून रजा काढली. माझा आवाज काकूंसारखा नाही, टांगेवाल्याने दोनदा फसवलं, एका धर्मशाळेत रात्री आम्हाला ओसरीवर झोपावं लागलं. पण गेलो आणि आलो. अण्णा स्टेशनवर सामान उतरवायला आले होते.

काकूंची पुढची खोली आता माझ्याकडे आहे. नावं नोंदवायला बायका तिथेच येतात. त्या खोलीला रस्त्याकडे एकच मोठी खिडकी आहे, बरोबर त्या ओट्यासमोर. विष्णुपंत संध्याकाळी येऊन बसले की काकू आतलं काम टाकून उठत, खिडकीची दोन्ही दारं उघडत आणि तिच्यासमोर खुर्ची ठेवून तांदूळ निवडत बसत. थंडी असो, धूळ उडत असो. “बंद केली तर येणाऱ्या बायकांना वाटेल, आपणच घाबरलोय,” त्या म्हणत. हल्ली शाळा सुटली की मी तिथे जाते आणि खिडकी उघडते. अजून सवय झालेली नाही. ते समोर असतात. आमच्या दाराशी यायला दुसरी वाट नाही, त्यामुळे येणारी प्रत्येक बाई त्यांच्यासमोरून, त्यांच्या नजरेखालून चालत येते. काल संध्याकाळी तिघी आल्या. त्यांतली एक, फार तर विशीतली असेल, ओट्याजवळ आल्यावर क्षणभर थबकली. मग तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्या खिडकीशी आली.